उभ्या गाडीचा खर्च

2024 सरता सरता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. बैलगाडीला बांधून ती बाहेर ओढली गेली. त्या चित्रफितीवर देश पोटभर हसला. रायगडच्या किनारपट्टीवर हप्त्याने गाडी घेणाऱ्याची गाडी मात्र अंगणात उभी असतानाच रुतते, आणि ते कुणाला दिसत नाही.

खर्च विचारला की मालक पेट्रोलचा आकडा सांगतो. आता हिशेब मांडू. आठ लाखांची पेट्रोल गाडी. राज्याचा एकरकमी वाहनकर 11 टक्के, म्हणजे 88 हजार गाडी दारात येण्याआधीच गेले. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या कोष्टकानुसार पाच वर्षांत तिची किंमत निम्मी होते. वर्षाला 80 हजारांची घट. सहा लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेबारा हजारांच्या घरात आणि एकूण व्याज दीड लाखाला टेकते. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरवली, लिटरला 18 किलोमीटर मिळाले आणि दर 104 रुपये धरला, तरी पेट्रोल 58 हजारांत भागते. घट आणि व्याज मात्र वर्षाला एक लाख नऊ हजार, तेही चाक न फिरवता! विमा, टायर, सर्व्हिसिंग अजून धरलेलेच नाही.

त्यात मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनला खारा वारा. चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या गंजतात, आणि विमा अपघाताची भरपाई देतो, गंजाची देत नाही. हौसेने पुळणीवर गाडी घालणाऱ्या पाहुण्यांनीही पॉलिसी वाचावी: पाणी शिरलेले इंजिन पुन्हा सुरू करू पाहिले, तर साध्या पॉलिसीत तो भुर्दंड बहुधा मालकाच्याच गळ्यात पडतो.

सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. खरेदी स्वस्त झाली. गाडी बाळगणे झाले नाही.

तरी इथला माणूस गाडी घेतो, ती निव्वळ मिजास नव्हे. स्टँडवरून शेवटची एसटी सुटली की वाडीवरच्या माणसाला रिक्षावाला सांगेल तो भाव. गेटवेहून मांडव्याला लाँच आणि त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस, ही इथली सर्वांत शहाणी सोय. पण पावसाळ्यात लाँच बंद. 2020 पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीतून मांडव्याला गाड्या येऊ लागल्या, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली खरी, पण आधी गाडीवाल्याला.

मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. जिथे फेरीच नाही, तिथे ते कुणाला फाडून देणार? अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन आगारांतून रात्रीच्या फेऱ्या वाढवाव्यात, मांडव्याच्या शेवटच्या बोटीशी त्यांची वेळ जुळवावी आणि रो-रोवरून उतरणाऱ्या पायी प्रवाशाला भर पावसातही बस उभी मिळावी. पुढच्या पुलाच्या उद्घाटनाआधी एवढे करायला काय हरकत आहे?