शेवटी उरणारं मूल

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेचा दिवस परिपाठानं सुरू होतो. प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांमध्ये संवेदनशीलता आहे, सौजन्यशीलताही आहे. तरी खेळाच्या तासाला गट पाडताना शेवटी उरणारं मूल बहुतेक वेळा तेच असतं, आणि खिचडी खायला बसताना कुणाच्या शेजारी बसायचं नाही, हे मुलांनी आपसांत केव्हाच ठरवलेलं असतं. सकाळचा सुविचार तिथवर पोचत नाही. तिथं काय पोचेल, याचा शोध म्हणून यंदाचा दिवाळी अंक आम्ही प्राथमिक शिक्षकांच्या हाती सोपवला.

मुलं माणुसकी शिकतात ती वागायची वेळ आल्यावर, आणि तशी वेळ आणणं शिक्षकाला जमतं, असा आमचा विश्वास आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 1971 साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एका वर्गात आली, तेव्हा शाळांमध्ये मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी मुलांना उपदेश केला नाही. त्यांनी पाठाचे तुकडे केले. लहान गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा. तो त्यानं समजून घ्यायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या पाठावर. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाची टिंगल करून आता भागेना, कारण त्याच्याजवळचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मुलं त्याला धीर देऊन, नीट प्रश्न विचारून बोलतं करू लागली. चौथीच्या परिसर अभ्यासातला कुठलाही पाठ असा वाटून देता येतो. त्याला पैसा लागत नाही. वर्गात थोडा गोंगाट होईल, तो होऊ द्यावा.

आपल्या गल्लीतल्या खेळांत ही समज पूर्वीपासून आहे. धाकटं भावंड मागं लागलं की मुलं त्याला लिंबूटिंबू करून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असतं. शाळेत पाऊल टाकलं की हीच मुलं निवड करायला लागतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. शिकागोच्या बालवाडीत शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी ‘तू आमच्यात खेळायचं नाहीस’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, हा वर्गाचा नियमच केला. आधी त्यावर मुलांशी भरपूर चर्चा केली, वरच्या वर्गांतही जाऊन विचारलं. नियम रास्त आहे पण चालणार नाही, असं मोठ्या मुलांपैकी अनेकांना वाटलं. लहानग्यांनी तो स्वीकारला. 1992 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी: उशीर करू नये.

भिंतीवरच्या ‘चांगुलपणाच्या झाडा’बद्दल मात्र आम्हाला शंका आहे. प्रत्येक चांगल्या कामाला एक कागदी पान मिळायला लागलं की मुलं पानं मोजू लागतात. झाड लावायचंच असेल तर मुलानं स्वतःचं नव्हे, दुसऱ्यानं आपल्यासाठी केलेलं काम त्यावर लिहावं. मग कुणाचं नाव कधीच येत नाही, हेही शिक्षकाला दिसेल.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. इतकं प्रत्येकाला जमणार नाही. पण मुलांना न दुखावणं प्रत्येकाला जमेल; शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं मनाई आहे. ‘तुझ्या डोक्यात काही शिरत नाही’ हे चाळीस मुलांसमोर ऐकवणं छळच आहे. मुलं ते शब्द मधल्या सुट्टीत जसेच्या तसे वापरतात.

आणि आता दिवाळी. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. जी मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकत नाहीत, ती आईवडिलांबरोबर फडावर जातात. हंगाम संपवून परततात तेव्हा वर्ग पुष्कळ पुढं गेलेला असतो, बाकावर दुसरं कुणी बसलेलं असतं. माणुसकीचा उपक्रम कुठून सुरू करावा, असं कुणी विचारलं तर आम्ही या बाकाकडे बोट दाखवू. गेलेल्या मुलाचं नाव कामांच्या तक्त्यावर तसंच ठेवावं. त्याची वही वर्गातल्या मुलांनी पाळीपाळीनं लिहावी. आठवड्यातून एकदा गुरुजींच्या किंवा बाईंच्या फोनवरून सगळ्यांनी त्याच्याशी बोलावं. ते परत आलं की एक तास त्यानं वर्गाला शिकवावं: मोळी कशी बांधतात, कारखान्याबाहेर गाड्यांची रांग किती वेळ थांबते, कोपीवर पहाटे किती वाजता चूल पेटते. पाठ्यपुस्तकात नसलेलं हे ज्ञान त्याच्याजवळ आहे आणि वर्गाला त्याची गरज आहे.

सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा आपल्या वर्गातलं कोण आलं नाही, ते कुठं गेलं आणि मुलांनी त्याच्यासाठी काय ठरवलं, हे शिक्षक वाचकांनी आम्हाला जरूर लिहावं. साध्या पोस्टकार्डावर लिहिलं तरी चालेल. मुलांचं नाव-गाव न देता ही पत्रं आम्ही पुढच्या दिवाळी अंकात छापू.

— संपादक