होडी काढायच्या आधी होडी पाहू द्या



चौथीच्या कुठल्याही वर्गात ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून बघा. दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी आणि नदीत त्रिकोणी शिडाची होडी. चाळीस मुलं, चाळीस होड्या, सगळ्या एकसारख्या! झेंडा डावीकडे फडकतोय आणि शीड उजवीकडे फुगलंय, हेही कुणाला खटकत नाही. मुलं फळ्यावरची होडी उतरवून घेतात, खरी होडी त्यांनी नीट पाहिलेलीच नसते. चित्रकलेच्या तासाला आपण मुलांचा हात चालवतो, डोळे मात्र बंदच ठेवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सुचवतो, की वर्गात एकदा जुन्या यॉटची चित्रं दाखवा. यॉट म्हणजे श्रीमंतांची शिडाची नौका. मूळ डच शब्दाचा संबंध शिकारीशी, पाठलागाशी आहे, म्हणजे वेगाने पळणारी नौका. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा ॲमस्टरडॅम शहराने त्याला ‘मेरी’ नावाची यॉट भेट दिली आणि राजाला या नौकांचं वेडच लागलं.

पुढे डच चित्रकार विलेम व्हॅन द व्हेल्ड आणि त्याच नावाचा त्यांचा मुलगा इंग्लंडला आले. १६७४ पासून राजा दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड देऊ लागला. वडिलांनी समुद्रावरच्या लढायांची रेखाटनं करायची आणि मुलाने ती रंगवायची. वडील तर हॉलंडमध्ये असताना लहान बोटीतून थेट लढाईजवळ जाऊन रेखाटत. आधी बघणं, मग रेषा, रंग सगळ्यात शेवटी. आपण मात्र पहिल्या मिनिटालाच खडूची पेटी उघडायला सांगतो!

त्यांनी काढलेल्या राजाच्या यॉट बारकाईने बघा. झेंडे, शिडं, लाटा सगळ्यांना वारा एकाच दिशेने लागतो. मागच्या बाजूला सोनेरी कोरीवकाम दिसतं. डच घडणीच्या यॉटच्या दोन्ही कुशींना पंखासारखी एकेक मोठी फळी असते. हॉलंडचं पाणी उथळ, म्हणून नौकेचा तळ सपाट. अशी नौका वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून ती फळी पाण्यात सोडायची. बघा, एका फळीतून भूगोलही शिकवता येतो आणि विज्ञानही.

‘मेरी’ १६७५ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात खडकावर आपटून बुडाली. तिचे अवशेष पाणबुड्यांना सापडले ते थेट १९७१ मध्ये! मधली जवळजवळ तीनशे वर्षं अशा नौका कशा दिसत, हे कळायला ही चित्रं केवढी मोलाची ठरली असतील, विचार करा.

पण चित्र म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं. पैसे राजा देत होता, त्यामुळे चित्रात राजाची शान ठळक दिसते. दोर ओढणारे खलाशी मुंगीएवढे, आणि त्यांची नावंही कुणी लिहिलेली नाहीत. मुलांना विचारा: वारा कुठून येतोय? नौका कुणाची? काम कोण करतंय? पैसे कुणी दिले? इतिहासाच्या तासालाही हेच प्रश्न लागतात.

तुम्ही म्हणाल, ‘सर, पोर्शन कधी संपवायचा?’ अहो, एक चित्र आणि दहा मिनिटं, एवढंच मागतोय. गणितासाठी चित्रकलेचा तास सर्रास घेतला जातो, त्यातली ही दहा मिनिटं तरी परत द्या.

आणि पालकांनो, गावात समुद्र नसला म्हणून काही बिघडत नाही. दारातली सायकल मुलाला पाच मिनिटं नुसती बघू द्या. साखळी कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवू द्या, आणि मगच त्याच्या हातात पेन्सिल द्या.