शेगडी दिली, पान्हा कुणाकडे?

बायकांच्या स्वयंपाकघरातला धूर हा गेली चाळीस वर्षे सरकार, कंपन्या आणि देणगीदार यांच्या मोठ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ते शेगडी देतात, फोटो काढतात, आकडा लिहितात आणि निघून जातात. शेगडी बंद पडल्यावर काय करायचे ते कुणी सांगत नाही. मैत्रिणींनो, माझे म्हणणे एवढेच आहे, की जिचे सुटे भाग मिळत नाहीत ती शेगडी बाईच्या मालकीची नसतेच. तिने पैसे मोजलेले असले तरी ती उसनवारीच असते.

पेलेटच्या शेगडीचेच पाहा. उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले असला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या म्हणजे पेलेट. २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत ही शेगडी विकली गेली, आणि ती खपवायला बचत गटांतल्या बायकाच पुढे केल्या गेल्या. शेगडी चांगली होती, हे मी मुद्दाम सांगते. खालचा लहान पंखा जाळीतून वारा देतो, वरच्या भोकांतून आणखी हवा येते आणि धूर बाहेर पडण्याआधीच जळतो. भांडी काळी होत नाहीत, डोळे चुरचुरत नाहीत.

मग काडीकचऱ्याला गिऱ्हाइके वाढली, भाव चढला, पेलेट महागले. धंदा हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळला. घरोघरच्या शेगड्या मात्र जिथल्या तिथेच राहिल्या.

आमच्या गटात अशा नऊ शेगड्या होत्या. पहिली बॅटरी गेली. मग पंखे. मग आतले अस्तर तडकले, जाळ्या वाकल्या. विक्रेत्याकडे गेलो तर म्हणाला, "मॉडेल बंद झालं, नवीन घ्या." तेव्हा आम्हीच खटपट सुरू केली. त्यातून जे कळले ते लिहिते, कारण ते कुठल्या पत्रकात छापलेले नाही.

पंख्याच्या पाठीवर व्होल्ट लिहिलेले असतात. ते पाहून तेवढ्याच व्होल्टचा पंखा घ्यावा. जुन्या कॉम्प्युटरचा सपाट पंखा स्वस्त मिळतो, पण पेलेटच्या दाट थरातून हवा ढकलायचा जोर त्यात नसतो. गोगलगायीच्या आकाराचा छोटा ब्लोअर लागतो. पंखा बारा व्होल्टचा असेल तर फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी चालते. चार्जर मात्र त्याच बॅटरीचा हवा. अस्तराला सिमेंट लावू नये, ते उष्णतेने फुटते. भट्टीची फायरक्ले माती लावून सावलीत वाळवावी. जाळी वेल्डिंगवाला कापून देतो, पण भोके जुनीच्या मापाची हवीत, नाहीतर वाऱ्याचे गणित बिघडते. आणि पंखा बंद असताना कोंदट खोलीत ही शेगडी पेटवू नये. अर्धवट जळलेला वायू दिसत नाही, पण जीव घेतो.

नऊपैकी पाच शेगड्या चालू झाल्या. पण हे कौतुकाने सांगत नाही. दिवसभर मजुरी करून, पाणी भरून, वर रात्री पंख्याच्या तारा जोडायच्या, ही बाईची हुशारी नव्हे. तिच्यावर लादलेले आणखी एक बिनपगारी काम आहे.

आणि दोष कुणाला? तिलाच! "बायका निगा राखत नाहीत, पुन्हा जुन्या चुलीकडे वळतात." ओडिशात धुराड्याच्या सुधारित चुलींवर रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर घटला. पुढे चुलींची देखभाल होईना, वापर कमी झाला आणि फायदा विरून गेला. याचा अर्थ कुणी "लोक बदलत नाहीत" असा लावील. मी विचारते, देखभालीचे पैसे घरात कुणाच्या खिशात असतात? मातीची चूल बाई स्वतः घालते, लिंपते, फुटली तर पुन्हा घालते. ती दुरुस्ती तिच्या हातात होती. नव्या शेगडीने धूर घेतला, आणि त्याबरोबर तो हातही काढून घेतला.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची भाषा सुरू केली, समिती नेमली, पोर्टल उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही त्यातली क्षेत्रे. गृहोपयोगी वस्तू म्हटले की फ्रीज आणि टीव्ही आठवतात. शेगडी कुणाला आठवत नाही, कारण ती गरीब बाईची.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. दहा वर्षे सुटे भाग देण्याची लेखी हमी नसेल तर शेगडी गावात उतरवू देऊ नये. पंखा, बॅटरी, जाळी बाजारात मिळणाऱ्या मापाचीच हवी. मॉडेल बंद केले तर त्याचे नकाशे खुले करावेत. तालुक्याला निदान दोन बायकांना दुरुस्तीचे शिक्षण द्यावे, आणि कामाचे पैसेही. आणि हिशेब वाटलेल्या शेगड्यांचा नको, पाच वर्षांनी पेटणाऱ्या शेगड्यांचा हवा.

पुढच्या वेळी कुणी नवी शेगडी घेऊन गटात आले, तर आधी ती उलटी करून तळ उघडायला सांगा. ज्याला उघडता येत नाही, त्याची शेगडी परत पाठवा.