तीन हजार टाके

गेल्या गुढीपाडव्याला मी एक नेम धरला. पुढच्या पाडव्यापर्यंत एकही तयार कपडा विकत घ्यायचा नाही. जे लागेल ते स्वतः शिवायचं. साड्या, स्वेटर आणि आतले कपडे तेवढे वगळले. इंग्लंडच्या झोई एडवर्ड्स यांनी २०१० साली मे महिन्यापुरता असाच एक संकल्प सुरू केला होता, स्वतः शिवलेलंच घालायचं असा. पुढे देशोदेशीच्या बायका दर मे महिन्यात तो करू लागल्या. मला महिना पुरणार नाही हे ठाऊक होतं, कारण मला शिवताच येत नव्हतं. म्हणून वर्ष घेतलं. ते आता भरत आलंय आणि कपाटात नऊ कुर्ते, चार सलवारी, तीन ब्लाऊज, दोन परकर आणि एक गाऊन आहे.

मशीन आईचं. पायाचं, काळं, उषाचं. चामड्याचा पट्टा वाळून तुटला होता, तो नवा घातला, तेल दिलं आणि ते चालू लागलं. मशीनच्या खणात के. आर. झारापकरांचं कटिंगचं पुस्तक सापडलं. महाराष्ट्रात ज्या घरी शिवणाचा क्लास झाला त्या घरी हे पुस्तक असायचंच. आईनं पानोपानी पेन्सिलीनं मापं लिहून ठेवली आहेत. माझ्या दुसरीतल्या फ्रॉकचं मापसुद्धा त्यात आहे.

बेतण्याचं गणित मला फार आवडलं. एक छातीचं माप घेतलं की त्याच्या चौथ्या, बाराव्या हिश्शांतून कुर्त्याची बरीचशी आखणी उभी राहते. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाइतकी. पण हिशेब तिथं थांबत नाही. पाठीत थोडा बाक असेल, एक खांदा उतरता असेल, तर पुस्तकातला आकडा बाजूला ठेवून टेप अंगावर धरावी लागते. दुकानातला कुर्ता खांद्यावर बसला की पोटावर ताणायचा, आणि मला वाटायचं माझंच अंग बेढब आहे. अंगात काही खोट नव्हती. तो कपडा माझ्यासाठी बेतलेलाच नव्हता, एवढंच.

पहिला कुर्ता खादीचा. कापड न भिजवता बेतला आणि पहिल्याच धुण्यात तो दंडात अडकू लागला. त्यानंतर कुठलंही सुती कापड आधी रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावते. बाही तर मी चार वेळा उसवली. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा किंचित मोठा ठेवायचा असतो आणि ते जास्तीचं कापड एकही चुणी न पडू देता मुंढ्यात जिरवायचं असतं. मशीन ते करत नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी खालचं कापड ओढत, वरचं लोटत, इंचाइंचानं ते साधावं लागतं. पाचव्या खेपेला बाही बसली तेव्हा मी कुर्ता घालून आरशासमोर दोन्ही हात वर केले, आणि कापड कुठेच ओढलं नाही. त्या क्षणाचा आनंद मी आयुष्यभर विसरणार नाही.

कापडाची ओळखही याच वर्षात झाली. पूर्वी मी फक्त रंग बघायचे. आता आधी पन्हा विचारते, मग उभा धागा बोटांनी ताणून बघते. इचलकरंजीचं पॉपलीन घेतलं तेव्हा त्या गावाची आठवण काढली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि एक संस्थानी गाव कापडाचं शहर झालं. गुळेदगुड्डचा खण घेतला, तर त्याचा पन्हा इतका अरुंद की त्यातून अंगभर काही निघेना. तो विणलाच जातो चोळीपुरता. मी त्याचा ब्लाऊज शिवला. काठाची जागा बाहीवर नेमकी आणायला एक अख्खा रविवार गेला.

आणि मग एकदा टाके मोजले. साध्या, बिनअस्तराच्या कुर्त्यावरची सगळी टीप टेपनं मापली: खांदे, बगला, मुंढे, बाह्या, घेर, दोन्ही चिरा. साडेसात मीटर भरली. सेंटिमीटरला चार टाके धरले तरी तीन हजार. प्रत्येक टाक्यात वरचा दोरा बॉबिनच्या दोऱ्यात अडकतो. सुई ते करते हे खरं, पण तिच्याखालून कापड नेणारा हात माणसाचाच लागतो. गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोच्या शिवणाचे कष्ट हलके व्हावेत या मायेतून ते यंत्र जन्मलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पायाच्या मशीनवर बसले की मला ते पटतं. हे यंत्र माणसाला उठवून त्याची जागा घेत नाही.

पण म्हणूनच एक गोष्ट मनातून जात नाही. कारखान्यात कापडाचे शेकडो थर यंत्राच्या पात्यानं एकदम कापले जातात. शिवण मात्र तिथंही कुणीतरी मशीनवर बसूनच घालतं. एक बाई दिवसभर फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त बाह्या. ढाक्याजवळ साभारला २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यातली बहुतेक अशीच मशीनवर बसलेली होती. भेगा पडलेल्या त्या इमारतीत त्यांना आदल्या दिवशीचं भय गिळून कामावर यावं लागलं होतं. तेव्हा मी ती बातमी वाचली आणि पान उलटलं. त्याच आठवड्यात सेलमधून तीन टॉप आणले होते. प्रत्येकावर हजारो टाके होते, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

आमच्या नामदेवांना टाक्यांचं मोल माहीत होतं. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या संतानं गज, कात्री, सुई, धागा ही आपल्या धंद्याची हत्यारं एका पदात थेट भक्तीत नेली. त्यांचं ते पद शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहे. शिवणाचं काम क्षुल्लक मानणाऱ्या माणसाला असं सुचणार नाही.

मला पहिला कुर्ता शिवायला चौदा तास लागले. आता सहा लागतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक मावशी बसतात. अस्तराचा, कटोरीचा, हूक-काजांसकट ब्लाऊज त्या दोन-अडीच तासांत उतरवतात आणि तो अंगावर पाण्यासारखा बसतो. वीस वर्षं मी त्यांच्याकडे शिवून घेतलं आणि वीस वर्षं शिलाईचा दर कमी करायला लावला. कधी तीस रुपये, कधी पन्नास. साडीवर पाच हजार मोजताना मी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. गेल्या महिन्यात माझा खणाचा ब्लाऊज घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, आतली शिवण बघितली, काखेतल्या टिपेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, “इथं दोनदा उसवलंय तुम्ही. पण बसलाय छान.” मग मी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वळल्या.

पाडव्यानंतरही मी कुर्ते घरीच शिवणार आहे. ब्लाऊज मात्र पुन्हा मावशींकडे टाकणार, त्या सांगतील त्या दरानं. लग्नसराई तोंडावर आली आहे, तुम्हीही शिवायला टाकाल. शिलाईत घासाघीस करू नका, आणि ब्लाऊज हातात आला की पैसे तिथल्या तिथे द्या.