दशक्रियेचा माइक खाली ठेवा

नगर जिल्ह्यात माणसाची किंमत त्याच्या दहाव्याला किती गाड्या लागल्या यावरून ठरते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, ही रीत मात्र हलली नाही.

कारखान्याचा संचालक किंवा बडा बागायतदार गेला की काय होतं ते बघा. चौकाचौकात फ्लेक्स, गोदाकाठी पुणतांब्याला नाहीतर प्रवरासंगमला मांडव, महाराजांचं प्रवचन आणि मग पुढाऱ्यांची रांग. पिंड मांडून झालेले, मुंडन केलेला मुलगा उघड्या अंगानं उन्हात उभा, आणि माइकवरून पुकारा होतो की साहेब बाभळेश्वरला पोचलेत, सगळ्यांनी थांबावं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साहेब आले, कानाशी लागलेल्या कार्यकर्त्याकडून मयताचं नाव विचारून घेतलं, पाण्याच्या आवर्तनावर बोलले आणि पुढच्या दशक्रियेला निघाले. हे दुःख नव्हे, ही मतांची पेरणी आहे.

आता त्याच कारखान्याचा ऊस कोण तोडतं ते बघा. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी रात्री ट्रॅक्टरखाली सापडतं, कोणाला फडात पान लागतं. घाईघाईत अंत्यविधी उरकतो आणि दहावं व्हायच्या आत मुकादम दारात उभा राहतो, कारण उचल फिटलेली नसते. ती आता बाईच्या अंगावर, ती खचली तर पोराच्या. सुतक पाळायलाही घरात दहा दिवसांची भाकरी असावी लागते. कामगाराला नुकसानभरपाई देण्याची तरतूद कायद्यात 1923 पासून आहे, पण कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, आणि मुकादम हात वर करतो. सहकारी साखर कारखानदारी 1950 साली याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभी राहिली. तिचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच विचारतो: एका मजुराच्या मरणासाठी कुठल्या कारखान्यानं कधी तासभर गव्हाण थांबवली?

लोक म्हणतील, गावात गरिबाच्या मयतालाही माणसं जातात. जातात ना! वस्तीवरच्या बाया सुतकाच्या घरी पिठलं-भाकरी पोचवतात, शेजारी लाकडं गोळा करतात. माया त्यांच्याकडे आहेच. माझा राग आहे तो ज्यांच्या हाती सत्ता, पैसा आणि माइक आहे त्यांच्यावर.

6 नोव्हेंबर 2021, ऐन भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 11 रुग्ण गेले. सिव्हिलला बहुतेक तोच जातो ज्याला खाजगी परवडत नाही. पुढारी आले, मदत जाहीर झाली, चौकशी नेमली. श्रीमंताच्या प्रथम पुण्यस्मरणाला वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येते. या 11 जणांची नावं जिल्ह्यात आज किती जणांना सांगता येतील?

आणि खर्डा गाव. 28 एप्रिल 2014 ला तिथं 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारहाण करून झाडाला टांगलं. घरची गरिबी अशी की आई-बापानं राबल्याशिवाय चूल पेटत नव्हती. नेत्यांच्या गाड्या तिथंही लागल्या, सांत्वनं झाली. मग खटला उभा राहिला आणि साक्षीदार एकामागोमाग फितूर झाले. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. बागायतदाराच्या गुणांवर अर्धा तास बोलणारी माणसं या जिल्ह्यात पैशाला पासरी आहेत. त्या पोरासाठी कोर्टात टिकून राहतील अशी माणसं मिळाली नाहीत, आणि ही लाज आपल्या सगळ्यांची आहे.

म्हणून चेअरमनसाहेब, आमदारसाहेब, दशक्रियेतली भाषणं आजपासून बंद करा. तुमच्या उसात माणूस मेला तर त्याची उचल त्याच दिवशी मुकादमाच्या वहीतून खोडायला लावा. भरपाईची फाइल स्वतः उभं राहून पुढे सरकवा. आणि मग पाथर्डीच्या त्या वस्तीवर जा, फोटोवाला न घेता, आणि त्याच्या बायकोसमोर जमिनीवर बसून ती काय म्हणते ते ऐका.