बरं होण्याचं माप मावळात घ्या : कैवल्यधामास खुले पत्र

प्रति,
संचालक व संशोधन विभाग,
कैवल्यधाम, लोणावळा



आपल्या संस्थेपासून आमची लोहगडवाडी फार तर दहा-बारा किलोमीटरवर असेल. मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाजे मागे टाकून चढाला लागायचं आणि गायमुख खिंडीत पोचलं की डावीकडे विसापूर, उजवीकडे आम्ही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात लोहगडही आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी वाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पिठलं-भाकरी, चहा, कांदाभजी विकून चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. या पत्राचा विषय वेगळा आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वाडीतला. लकवा, अपघात, संधिवात, दमा, मधुमेहाने सुन्न पडलेले पाय, अशा कारणांनी अडलेली माणसं रोज बघतो. आपल्याकडे माझं एकच मागणं आहे. दवाखान्यातून घरी सोडलेला माणूस पुन्हा कामाला कसा लागेल, याचा अभ्यास आपण हाती घ्यावा आणि तो मावळातल्या घरांत, मावळातल्या चढ-उतारावर करावा.

हे आपल्यालाच का सांगतोय? आपल्या संस्थेचा जन्म मोजून बघण्याच्या हट्टातून झाला आहे म्हणून. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. त्याआधी बडोद्यात त्यांनी उड्डियान आणि नौली या योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या होत्या. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं, परमहंस माधवदासांचं नाव दिलं. गुरूंवर एवढी श्रद्धा असूनही माणसाने यंत्र लावून खात्री केली, हे मला त्या सगळ्या गोष्टीत सर्वात मोलाचं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात ‘मोजल्याशिवाय बोलायचं नाही’ असं ठरवणारी संस्था शेजारी असताना मी हे पत्र दिल्लीला का लिहावं?

आता मोजण्याबद्दलच बोलतो. पुनर्वसनाच्या क्षेत्रात रुग्ण किती स्वावलंबी झाला हे बघायला बार्थेल निर्देशांक जगभर वापरतात. १९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा कामं, शंभर गुण. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, खाटेवरून खुर्चीत बसणं, जिना. सपाट जमिनीवर पन्नास यार्ड, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर चालता आलं की पंधरा गुण. माप चांगलं आहे, मीही रोज वापरतो. पण आमच्या वाडीत पंचेचाळीस मीटर सपाट जमीन शोधायची म्हटली तर शाळेच्या पटांगणाशी नाहीतर गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेत जावं लागेल.

माझ्या नात्यातल्या एका काकूंचं सांगतो. अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यात वेळेत पोचल्या, जीव वाचला, चार महिन्यांत काठीशिवाय चालू लागल्या. कागदावर गुण नव्वदच्या पुढे. फाईल वाचणारा कुणीही म्हणेल, बाई बरी झाली. घरात मात्र काकू परातीपुढे बसतात तेव्हा डावा हात परातीच्या काठावर नुसता पडून असतो. भाकरीला दोन्ही तळवे लागतात. एकाने थापायची, दुसऱ्याने कड सांभाळत फिरवायची. एकट्या उजव्या हाताने थापली की गोळा परातभर सरकतो, भाकरी एका अंगाला जाड राहते, उचलताना तुटते. पाटावर बसलेल्या काकूंना उठायला माणूस लागतो. शौचालय घराबाहेर, उतारावर, बैठं. मुलाने भिंतीला आडवा बांबू ठोकून दिलाय, तो धरून त्या कशाबशा उठतात. पावसात तो उतार शेवाळतो, म्हणून दिवेलागणीनंतर त्या पाणीच पीत नाहीत. यातलं काहीही त्या शंभर गुणांत येत नाही. उकिडवं बसणं नाही, मांडी घालणं नाही, जमिनीवरून उठणं नाही, खाचराचा बांध ओलांडणं नाही.

हे कुणाच्या लक्षातच आलं नाही असं नाही. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला, तो आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेतात उतरतो हे समोर ठेवूनच. त्याच्याही आधी, १९५० साली, कमलाताई निंबकरांनी मुंबईत के.ई.एम.मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. रुग्णाच्या रोजच्या कामातूनच त्याला बरं करायचं, हा त्या शास्त्राचा पाया. म्हणजे कल्पना आपल्याकडे जुनी आहे. आमच्या डोंगराच्या कामांचं माप तेवढं अजून हवं आहे.

माप नसलं की काय होतं? पोकळी भरायला बाकीचे तयारच असतात. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतो, कुणी अमक्या गावी नेऊन औषध पाजतो, तर कुणी शहरातून मोठं यंत्र आणून महिन्याचं पॅकेज देतो. घरचे कर्ज काढतात. तिन्ही ठिकाणी सांगणाऱ्याचा सूर सारखाच ठाम असतो, आणि कुणाकडेही आकडे नसतात.

आकडे काय सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत ४०८ लकव्याच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना पट्ट्यांनी वजन पेलून ट्रेडमिलवर चालवलं, तर काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेत होता. प्रत्येकी छत्तीस सत्रं, दीड-दीड तासाची. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच निघाले. साधारण निम्म्या लोकांची चाल सुधारली होती. महागड्या यंत्राने काहीच जास्त दिलं नाही. वाडीतल्या माणसाला यासारखी आनंदाची बातमी नाही.

मग आपल्या देशात एक स्वाभाविक प्रश्न विचारला गेला. फिजिओ एवढे नाहीत, घरचे लोक तर असतात, त्यांनाच शिकवलं तर? ‘अटेंड’ नावाच्या त्या अभ्यासात १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. नातेवाइकांना रुग्णालयात शिकवून घरी व्यायाम करून घ्यायला सांगितलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. नातेवाइकांना शिकवल्याने फरक पडला नाही.

दोन्ही अभ्यासांचे रुग्ण वेगळे, देश वेगळे, त्यांची थेट तुलना करणं शास्त्राला धरून होणार नाही. तरीही धंद्यातला माणूस म्हणून मला वाटतं ते सांगतो. यंत्राशिवाय भागतं, जाणत्या हाताशिवाय भागत नाही. आणि तो हात एकदा येऊन चालत नाही, छत्तीस वेळा यावा लागतो. ‘घरच्यांना शिकवा’ हे सरकारी बैठकीत फार स्वस्त आणि सोयीचं वाटतं. आषाढात भाताची लावणी सुरू असताना, किंवा रविवारी हॉटेलवर पर्यटकांची झुंबड असताना, घरातली कोणती सून दिवसातून दोनदा सासूचा खांदा फिरवत बसणार आहे? तिच्या श्रमाचा हिशेब अशा बैठकीत कुणी धरत नाही.

योगाबद्दलचे आकडेही ऐका. हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,९५९ रुग्णांवर देशातल्या २४ केंद्रांत योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला, निकाल २०२० मध्ये आला. पुन्हा झटका, मृत्यू यांसारख्या मोठ्या घटनांत ठोस फरक दिसला नाही. पण ‘तब्येत कशी वाटते’ या प्रश्नाच्या उत्तरात आणि आधीची कामं पुन्हा करू लागण्यात योगाचा गट पुढे राहिला. योगाच्या प्रचारकांना या निकालाचा पहिला अर्धा भाग सांगायचा नसतो आणि टीकाकारांना दुसरा. आपण दोन्ही सांगाल अशी माझी खात्री आहे. कामाकडे परतणं ही आमच्याकडे किरकोळ गोष्ट नाही. झटक्यानंतर माणूस पुन्हा गडाच्या पायऱ्या चढून ताक विकायला लागला, तर त्याच्या घरात चूल पेटते.

आपल्याच जिल्ह्यात लष्कराने हे फार आधी ओळखलं. अपंग जवानांसाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आता खडकीला आहे, पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र, १९७४ पासून खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. सैनिकाच्या मागे यंत्रणा असते, ते योग्यच आहे. मावळातल्या गवंड्याच्या, दूध घालणाऱ्याच्या, गडावरच्या टपरीवाल्याच्या मागे कुणी नसतं. डोंगरात ट्रेकर पडला तर शिवदुर्ग मित्रची पोरं जीव धोक्यात घालून त्याला स्ट्रेचरवरून खाली आणतात. तो मुंबई-पुण्याला जातो, तिथे त्याला फिजिओ मिळतो. तोच पाय वाडीतल्या माणसाचा मोडला तर प्लास्टर निघालं की उपचार संपले असं समजतात.

मावळात एका गोष्टीचं संशोधन मात्र नीट झालेलं आहे, ते भाताचं. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी दिला. या मातीत, या पावसात तपासलेलं बियाणं म्हणून शेतकऱ्याने ते विश्वासाने खाचरात टाकलं. माणसाच्या शरीराबाबत तेवढी तरी मेहनत व्हावी.

तर अभ्यास असा व्हावा असं मला वाटतं. आधी माप तयार करा. जमिनीवरून उठणं, उकिडवं बसणं, दोन्ही हातांनी भाकरी थापणं, भरलेली कळशी उचलणं, ओल्या उतारावरून खाली येणं. त्यासाठी प्रयोगशाळेतली माणसं वाडीत येऊन बसली पाहिजेत, आणि म्हाताऱ्यांना व बायकांना विचारलं पाहिजे की त्यांना आधी काय परत हवं आहे. मग आपली आसनं, श्वासाचे अभ्यास आणि माझ्यासारख्यांचे व्यायाम, दोन्ही त्या मापावर लावून बघा, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, रुग्णांची रीतसर संमती घेऊन. गावातलीच शिकलेली एखादी मुलगी तयार करून तिला घरोघर पाठवा आणि तिला पगार द्या. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं रजिस्टर नको. निकाल काहीही येवो, इंग्रजी नियतकालिकात छापण्याबरोबर तो मराठीत वाडीच्या चावडीवर वाचून दाखवा. एखादं आसन उपयोगी पडलं नाही असं निघालं, तर तेही तितक्याच मोठ्याने वाचा.

माझ्याकडून शक्य ते सगळं करीन. घरं दाखवीन, ओळखी करून देईन, मोजमापाला हात लावीन. एवढीच विनंती की सुरुवात मे महिन्यात करा. जूनअखेर पाऊस आणि लावणी लागते. तेव्हा माणूस कुठे अडतो, हे आपल्या नोंदीत पहिल्याच वर्षी यायला हवं.

कळावे,

आपला,
लोहगडवाडीतला एक फिजिओथेरपिस्ट