खेळ हातवाऱ्यांचा की बटणांचा?

शाळेच्या वार्षिक अंकात व्हिडिओ गेमविषयी लेख पाहून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यातून हा विषय शिक्षकानेच घ्यावा, हे तर अधिकच नवल! परंतु ज्या करमणुकीत आमच्या विद्यार्थ्यांचे इतके तास जातात, तिच्याविषयी केवळ नाक मुरडून गप्प बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शिवाय एक कबुली येथेच देऊन टाकतो. आम्ही स्वतः या खेळाचे जुने उपासक आहोत. टीव्हीला जोडावयाच्या स्वस्त यंत्रात कॅसेट बसवून, ती चालेना म्हणजे तिच्यात फुंकर मारून, सुटीतल्या कित्येक दुपारी आम्ही घालविल्या आहेत. तेव्हा हे मत परक्याचे नव्हे, घरच्या माणसाचे आहे, असे वाचकांनी समजावे.

वाद आहे तो खेळण्याच्या रीतीचा. हे खेळ बोटांनी बटणे दाबून खेळावेत, की हातवारे करून, अंग हलवून? हा वाद खरा पेटला तो २००६ साली. १८८९ मध्ये क्योटो शहरी पत्ते बनविण्यासाठी स्थापन झालेल्या निन्टेन्डो कंपनीने त्या वर्षी ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. हातात दांडीसारखा रिमोट धरावा आणि रॅकेट फिरवावी तसा तो फिरवावा, की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवितो, अशी त्याची योजना होती. हाताची गती टिपणारे एक उपकरण रिमोटच्या पोटात होते आणि टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीतील अदृश्य अवरक्त दिव्यांकडे पाहून आपली दिशा ओळखणारा लहानसा कॅमेरा त्याच्या तोंडाशी होता. यापूर्वी १९८९ साली अमेरिकेत ‘पॉवर ग्लव्ह’ नामक हातमोजा निघाला होता, पण तो फसला. ‘वी’ मात्र दहा कोटींहून अधिक खपला. बटणांचे दिवस भरले, असे अनेकांस वाटू लागले. आम्हांसही वाटले.

आम्हांस तसे वाटावयास कारण घरातच घडले होते. आखातात नोकरीस असलेल्या आमच्या मावसभावाने एका सुटीत ते यंत्र गावी आणले. आमच्या आजीने तोवर आमच्या खेळाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. इतकी बटणे कोणी लक्षात ठेवावीत? परंतु त्या संध्याकाळी आम्ही गोळा घरंगळत सोडून समोरचे दहा खुंट पाडीत असताना ती खुर्चीवरून म्हणाली, “म्हाकाय दी पळोवया.” एक बटण तेवढे धरून ठेवावयाचे आणि हात झुलवून सोडावयाचे, एवढेच तिला शिकवावे लागले. तिसऱ्या खेपेस दहाही खुंट कोसळले आणि साऱ्या घरात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या खेळाच्या दारातून आजी आत येऊ शकते, तोच उद्याचा खेळ, असे आम्ही त्या दिवसापासून मानीत आलो.

परंतु पुढील इतिहास निराळा घडला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१० साली ‘किनेक्ट’ नावाचा कॅमेरा आणला. त्यात तर रिमोटही नको, सारे शरीरच कंट्रोलर! पहिल्या साठ दिवसांत त्याचे ऐंशी लाख नग विकले गेले. २०१३ मध्ये कंपनीने आपल्या नव्या यंत्राबरोबर तो सक्तीने गळ्यात बांधला. किंमत झाली ४९९ डॉलर. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि वर्षाच्या आतच तो वगळून ३९९ डॉलरला यंत्र विकण्याची पाळी आली. २०१७ साली त्याचे उत्पादनच थांबले. इकडे ‘वी’चा वारस ‘वी यू’ सुमारे एक कोटी पस्तीस लाखांवर अडकला.

असे का व्हावे? आमच्या मते पहिले कारण असे की, हातवाऱ्यात प्रतिकार नसतो. खऱ्या मैदानावर चेंडू बॅटीवर आदळतो, त्याचा झणका मनगटाला कळतो. येथे हात हवेत फिरतो आणि हवा उत्तर देत नाही. दुसरे, यंत्राला आपल्या साऱ्या हालचालीशी कर्तव्य नसते. खुर्चीत रेलून मनगटाला नुसता हिसका दिला तरी पडद्यावरचा टेनिसपटू तितक्याच जोराने फटका मारतो. धावतो तर तो आपला आपणच. ही मेख मुलांना पहिल्याच आठवड्यात कळते आणि मग व्यायामाची बढाई तेथेच संपते. तिसरे कारण दमणुकीचे. अंगठ्याने दोन तास खेळता येते, उचललेल्या हाताने नाही.

तथापि, आमचे मत खरोखर बदलले ते या कारणांनी नव्हे. गतवर्षी स्नेहसंमेलनात आम्ही हौसेने या खेळाचे एक दालन मांडले होते. व्हिडिओ गेम म्हणजे आळस नव्हे, हे पालकांस पटवून द्यावे, असा हेतू. दोन्ही हात लागणारा मुष्टियुद्धाचा खेळ लावला होता. नववीतील एक विद्यार्थी तासभर दारातच उभा राहिला. त्याचा उजवा हात जन्मापासून अधू आहे. कंट्रोलर मांडीवर ठेवून, डाव्या हाताने बटणे दाबून तो फुटबॉलच्या खेळात भल्याभल्यांना हरवितो, असे त्याचे मित्र सांगतात. आम्ही त्याला आत बोलाविले तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, हा माझा खेळ नव्हे.” आजीसाठी उघडलेले दार आम्ही त्याच्या तोंडावर लावून घेतले होते आणि तासभर ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

म्हणून आमचे आजचे मत असे: हातवारे असावेत, पण त्यांची सक्ती नसावी. या धंद्यातील लोकांसही हा धडा मिळालेला दिसतो. ‘झेल्डा’ मालिकेतील २०११ चा एक खेळ तलवारीसारखा हात फिरविल्यावाचून खेळताच येत नसे. २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली, तीत बटणांची सोय केली गेली. अपंग खेळाडूंसाठी हवी ती बटणे हवी तेथे जोडता यावीत, असा एक खास कंट्रोलर मायक्रोसॉफ्टने २०१८ साली काढला. बटणांनी चालावे आणि नेम धरताना तेवढा कंट्रोलर किंचित तिरपा करावा, अशी मिश्र रीतही रुळली आहे. डोळ्यांवर चढविण्याच्या आभासी जगाच्या चष्म्यात हातवारे शोभतात, कारण तेथे हात आणि दृष्टी एकाच जगात वावरतात. भविष्य आहे ते अशा अनेक दारांच्या घराचे.

विद्यार्थिमित्रहो, यापैकी कोणतेही यंत्र मैदानाची जागा घेणार नाही, हे विसरू नका. आणि मैदानावर काय, पडद्यासमोर काय, खेळ मांडताना दारात कोणी उभे राहिले आहे का, एवढे मागे वळून पाहा. यंदाच्या संमेलनात आमच्या दालनात दोन्ही प्रकारचे कंट्रोलर असतील. पहिला डाव कोणाचा, हे आम्ही ठरवून ठेवले आहे.